मदत कुणाची, शाळा कुणाची?



आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष वाटेल. सरकार आणि देणगीदार संस्था एकत्र येऊन एखाद्या विकसनशील देशातले शिक्षण सुधारायला निघतात, तेव्हा नेमके काय घडते, हे आपल्याला बघायचे आहे. उदाहरण दूरचे शोधायला नको. आपल्याच देशाचे घेऊ, आणि त्यातही जिथे मराठवाडा येतो ते घेऊ. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेले. आकड्यांकडे वळण्याआधी शब्दाकडे बघायची खोड काही जात नाही. तेव्हा सुरुवात शब्दापासूनच करू.

शब्द आहे ‘भागीदारी’. बाजारपेठेत दोघे मिळून दुकान काढतात, तेव्हा भागीदारी म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. नफा दोघांचा, तोटाही दोघांचा. दुकान बुडाले तर दोघांच्याही घरची चूल त्याची झळ सोसते. आता शिक्षणाचा प्रकल्प बुडाला तर काय होते ते बघा. बँकेचा अधिकारी दुसऱ्या देशाच्या कामावर जातो. सचिवसाहेबांची बदली दुसऱ्या खात्यात होते. आणि चौथीत असून ज्या मुलीला वाचता येत नाही, ती तिथेच राहते. म्हणजे तोटा तिचा. पण भागीदारीच्या करारावर तिची सही नाही, तिच्या आईचीही नाही. आजचे सगळे व्याख्यान या एका विसंगतीभोवती आहे असे समजा.

दान, कर्ज आणि भागीदारी

आपल्या बोलण्यात ‘परदेशी मदत’ हा शब्द फार सैल वापरला जातो. त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे अनुदान, जे परत करायचे नसते. युरोपीय समुदाय, ब्रिटन, नेदरलँड्स, स्वीडन यांनी भारताच्या प्राथमिक शिक्षणाला जे दिले ते बहुतांशी या प्रकारचे. दुसरे म्हणजे कर्ज. जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल डेव्हलपमेंट असोसिएशनने, म्हणजे आयडीएने, आपल्याला दिले ते कर्ज होते. फार सवलतीचे, फार लांब मुदतीचे, पण कर्जच. ते फेडणार कोण? या देशाचा करदाता. म्हणजे काडीपेटीवर कर भरणारा माणूससुद्धा. तेव्हा ‘बँकेच्या मदतीने शाळा झाली’ असे वाक्य आपण वाचतो, त्यात मदत किती आणि आपलेच पुढच्या वर्षांचे पैसे किती, हे विचारायला हवे.

आपल्या परंपरेत दानाचा विचार बारकाईने झालेला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची किंवा फळाची अपेक्षा ठेवून दिलेले दान तिथे राजस ठरते. या कसोटीवर लावले तर आंतरराष्ट्रीय मदत जवळजवळ सगळीच राजस. त्यात फार दुःख मानायचे कारण नाही. राजस दानानेही विहीर खणता येते. प्रश्न एवढाच, की विहिरीचे पाणी कुणी, कधी आणि किती काढायचे हे कोण ठरवणार?

पैसा का लागला?

आता थोडा इतिहास. स्वातंत्र्यानंतर बराच काळ शिक्षणातली परदेशी मदत वरच्या मजल्यावर येत होती. पवईची आयआयटी युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदतीने उभी राहिली, मद्रासची जर्मन मदतीने, कानपूरची अमेरिकी मदतीने. पहिली-दुसरीचा वर्ग मात्र आपल्याच पैशावर चालायचा. ही विभागणी मुद्दाम लक्षात ठेवा. बालशिक्षण हा देशाच्या मनाचा गाभा आहे, त्यात बाहेरच्याचा हात नको, अशी भावना त्यामागे होती.

पण या गाभ्याला आपण स्वतः पुरेसे दिले होते का? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असा त्यांचा आक्षेप होता. राज्यकर्ते बदलले तरी हा आक्षेप पूर्णपणे जुना झाला नाही. संविधानाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची दिशा घालून दिली होती. ती मुदत १९६० साली संपली. १९९१ च्या जनगणनेत स्त्रियांमधली साक्षरता सुमारे ३९ टक्के होती. म्हणजे दर पाचातल्या तीन बायकांना स्वतःचे नावही वाचता येत नव्हते.

ऐंशीच्या दशकात दार किलकिले झाले. आंध्र प्रदेशात ब्रिटनच्या मदतीने प्राथमिक शिक्षणाचा प्रकल्प आला. राजस्थानात १९८७ मध्ये स्वीडनच्या ‘सिडा’ या संस्थेच्या मदतीने शिक्षाकर्मी प्रकल्प सुरू झाला. जिथे गुरुजी जातच नाहीत अशा दूरच्या गावांत गावातलाच थोडा शिकलेला तरुण तयार करायचा, ही त्याची कल्पना. मग १९९० साली थायलंडमध्ये जोमतिएन इथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही जागतिक परिषद भरली. देणगीदार देशांनी प्राथमिक शिक्षणासाठी पैसा देऊ केला. आणि १९९१ मध्ये आपली परकीय चलनाची गंगाजळी आटली. खर्चाला कात्री लावा असे वातावरण होते. घरात चणचण आणि दारात सावकार, अशा दोन गोष्टी एकाच वेळी आल्या म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

एक शहाणी अट

पण एक गोष्ट श्रेय देऊन सांगितली पाहिजे. सरकारने पैसा डोळे मिटून घेतला नाही. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने परदेशी पैशासाठी काही तत्त्वे घालून दिली. हा पैसा आपल्या खर्चाच्या जागी येणार नाही, त्यात भर म्हणून येईल. प्रकल्प राष्ट्रीय धोरणाशी सुसंगत असला पाहिजे. लोकांचा सहभाग हवा, समता आणि गुणवत्ता यांवर भर हवा.

या तत्त्वांवर १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. जुन्या शिक्षकांच्या तोंडी तो ‘डीपीईपी’ म्हणूनच आहे. पहिल्या टप्प्यात सात राज्यांतले बेचाळीस जिल्हे होते. महाराष्ट्रातले पाच जिल्हे सगळे मराठवाड्यातले: तेव्हाचे औरंगाबाद आणि उस्मानाबाद, शिवाय लातूर, नांदेड, परभणी. पुढे हा कार्यक्रम अठरा राज्यांत पसरला. जिल्हा निवडताना मुख्य निकष होता स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी असण्याचा. लातूर आणि उस्मानाबाद तेव्हा १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातून नुकते सावरत होते, हेही ध्यानात असू द्या.

पैशाची वाट कशी होती ते बघा, कारण खरी गोम तिथे आहे. जागतिक बँकेचे पहिले कर्ज २६ कोटी डॉलरचे. युरोपीय समुदायाने मध्य प्रदेशासाठी १५ कोटी एक्यू, म्हणजे युरोच्या आधीचे त्यांचे चलन, अनुदान दिले. हा पैसा केंद्राकडे यायचा. केंद्र राज्याला प्रकल्पखर्चाच्या ८५ टक्के रक्कम अनुदान म्हणून द्यायचे, उरलेले १५ टक्के राज्याने घालायचे. कर्ज फेडायची जबाबदारी केंद्राची. शिवाय राज्याने प्राथमिक शिक्षणावरचा आपला खर्च १९९१-९२ च्या पातळीखाली येऊ द्यायचा नाही, आणि तोही महागाई धरून, अशी अट होती. ही अट फार शहाणी. नाही तर काय होते? पाहुण्याने मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले की बाप खाऊचे पैसे बंद करतो. मुलाच्या खिशात शेवटी तेवढेच. सरकारेही असे करतात. म्हणून मदत आधीच्या खर्चात भर घालते की त्याची जागा घेते, हा या विषयातला पहिला प्रश्न.

थोडा पैसा, मोठी सत्ता

आता आजच्या विषयातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. देशाच्या प्राथमिक शिक्षणावरच्या एकूण खर्चात परदेशी पैशाचा वाटा तसा लहानच राहिला. मग त्याची एवढी चर्चा का? बाहेरचा पैसा इतका थोडा होता, तर त्याने धोरण कसे वळवले?

याचे उत्तर घरखर्चात सापडते. महिन्याला पन्नास हजार पगार असलेल्या घरात भाडे, किराणा, फी, औषधे, हप्ते यांत एकोणपन्नास हजार आधीच बांधलेले असतात. हातात उरतात हजार. अशा घरात कुणी बाहेरून दोन हजार आणून दिले, तर एकूण मिळकतीत ती वाढ चार टक्क्यांचीच. पण ‘नवीन काही करायचे’ म्हटले की त्या माणसाचे मत सगळ्यांत मोठे होते. राज्यांच्या प्राथमिक शिक्षणाच्या अंदाजपत्रकाची अवस्था अगदी अशीच होती. नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम पगारात जायची. पगार आवश्यकच, त्याबद्दल तक्रार नाही. पण उरलेल्या चिमूटभर पैशात प्रशिक्षण, पुस्तके, खडू, नवे प्रयोग, सगळे बसवायचे. तिथे देणगीदाराचा पैसा आला, आणि तो जवळजवळ सगळाच ‘हलता’ पैसा होता. ज्याच्या हातात हलता पैसा, त्याच्या हातात बदलाची दिशा. देणगीदाराची सत्ता रकमेच्या आकाराने मोजायची नसते, बरं का. ती मोजायची, त्या रकमेला पर्याय किती कमी आहेत यावरून.

वर्गात काय पोहोचले?

मराठवाड्यातल्या शाळेत यातले काय पोहोचले? शाळेला वर्षाला दोन हजार रुपयांचे अनुदान आणि प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी पाचशे रुपये. आज ही रक्कम हसण्यासारखी वाटेल. पण एक खडूचा डबा मागायलाही तालुक्याला अर्ज करावा लागत असे, त्या काळात मुख्याध्यापकाच्या हातात स्वतः खर्चायचे पैसे येणे ही मोठी गोष्ट होती. तालुक्याला गटसाधन केंद्र, काही शाळांमिळून समूह साधन केंद्र अशी रचना आली. शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून अडचणी बोलायच्या, ही पद्धत रुजली. खोल्या बांधल्या गेल्या, मात्र बांधकामावर प्रकल्पाच्या २४ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही ही मर्यादा होती. नाही तर सगळा पैसा सिमेंटमध्ये गेला असता. आपल्याकडे विकास दिसावा लागतो ना! मुलांना काय येते याची आधी पाहणी करायची आणि काही वर्षांनी पुन्हा करायची, ही शिस्तही याच कार्यक्रमाने घातली. सरासरी संपादणूक २५ टक्क्यांनी वाढवायची, गळती दहा टक्क्यांच्या खाली आणायची, आणि मुलगा-मुलगी व सामाजिक गट यांच्यातला फरक पाच टक्क्यांच्या आत आणायचा, अशी उद्दिष्टे लिहून ठेवली होती.

ही जमेची बाजू. आता दुसरी बाजू. हा पैसा राज्याच्या नेहमीच्या खात्यातून जात नव्हता. त्यासाठी नोंदणीकृत संस्था काढली गेली. आपल्याकडे ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. हेतू चांगला, की लाल फितीत पैसा अडकू नये. पण त्यामुळे एकाच शाळेवर दोन घरे झाली: एक जिल्हा परिषदेचे, पगार देणारे, जुने आणि संथ, दुसरे प्रकल्पाचे, प्रशिक्षण देणारे, नवे आणि उत्साही. वर्षातून दोनदा सरकार आणि देणगीदार यांची संयुक्त पाहणी व्हायची. पाहणी पथक आले की तक्ते भिंतीवर चढायचे. पाहणीला आमचा विरोध नाही. पण ज्याच्यासाठी आपण हिशेब ठेवतो, हळूहळू त्याच्या डोळ्यांनी आपण शाळा बघू लागतो. गावातली आई विचारते, ‘माझ्या पोराला वाचता येतं का?’ पथक विचारते, ‘प्रशिक्षणाचे दिवस किती भरले?’ दोन्ही प्रश्न योग्य. पण नोकरी दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असली, तर पहिला मागे पडतो.

देणारा निघून गेला तर?

राजस्थानचा ‘लोकजुंबिश’ प्रकल्प १९९२ मध्ये सुरू झाला. माजी शिक्षण सचिव अनिल बोर्डिया त्याचे प्रमुख होते. त्यांची एक पद्धत फार सुंदर होती. गावकऱ्यांनी स्वतः घरोघर फिरायचे, गावाचा नकाशा काढायचा, आणि प्रत्येक घरापुढे खूण करायची, की या घरातली किती मुले शाळेत जातात, किती जात नाहीत. म्हणजे माहिती वर पाठवायच्या आधी गावाच्या मालकीची व्हायची. खर्चाची वाटणी सिडा, केंद्र आणि राज्य यांच्यात तीनास दोनास एक अशी होती.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. स्वीडनने निषेध म्हणून भारताची मदत थांबवली. लोकजुंबिशचा सर्वांत मोठा वाटेकरी एका निर्णयासरशी बाहेर पडला. पुढे ब्रिटन त्या जागी आले खरे, पण मध्ये अनिश्चिततेचा काळ गेला. आता विचार करा. पोखरण राजस्थानातच आहे. पण तिथल्या एखाद्या ढाणीतल्या मुलीचा अणुबॉम्बशी काय संबंध? स्वीडनचा निर्णय त्यांच्या नैतिकतेनुसार योग्यही असेल. ते त्यांच्या नागरिकांना उत्तरदायी होते, त्या मुलीला नव्हते. दोष कुणा एका माणसाचा नाही; या रचनेतच तो आहे. देणगीदाराचे उत्तरदायित्व नेहमी दोन दिशांना फाटलेले असते, आणि ओढाताण झाली की त्याच्या घरची दिशा जिंकते.

भारताने यातून काही धडा घेतला असे म्हणता येईल. २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आले, तेव्हा कार्यक्रम आपला, आराखडा आपला, बहुतांश पैसाही आपला, अशी मांडणी होती. २००४ पासून जागतिक बँक, ब्रिटन आणि युरोपीय समुदाय यांनी आपापले प्रकल्प वेगळे न चालवता याच कार्यक्रमात पैसा घातला. त्याच वर्षी दोन टक्के शिक्षण उपकर लागला आणि तो प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवण्याकरता पुढे प्रारंभिक शिक्षा कोश निर्माण झाला. २००३ मध्ये केंद्राने अनेक छोट्या देणगीदार देशांची थेट मदत घेणे थांबवायचे ठरवले होतेच. म्हणजे गाडीत बसायला पाहुण्यांना मनाई नाही, पण सुकाणू घरच्या माणसाच्या हातात.

हे सगळ्या देशांना साधत नाही. आफ्रिकेतले केनिया घ्या. तिथे जानेवारी २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि दहा लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली. देणगीदारांनी सरकारच्या शिक्षण कार्यक्रमाला पैसा दिला. २००९ मध्ये शिक्षण खात्यातल्या निधीत गैरव्यवहार उघड झाले आणि ब्रिटनसह देणगीदारांनी हात आखडता घेतला. तरीही शाळा बंद पडल्या नाहीत. का? कारण शिक्षकांचे पगार केनियाच्या स्वतःच्या तिजोरीतून जात होते. पुस्तकांचे हाल झाले असतील, पण सकाळी वर्गात शिक्षक येत राहिला.

एकदाच करायचे आणि रोज करायचे

यातून आम्ही एक साधा भेद मांडतो. शाळेत काही कामे एकदा करायची असतात आणि काही रोज करायची असतात. अभ्यासक्रमाची नवी मांडणी, प्रशिक्षणाची रचना, मोजमापाची पद्धत, खोली बांधणे ही पहिल्या प्रकारची कामे. यांना बाहेरचा पैसा चालतो, कधी कधी तोच बरा, कारण तो धाडस करू देतो. वर्गात उभे राहणे, पोषण आहार शिजवणे, गैरहजर मुलाच्या घरी जाणे ही रोजची कामे. रोजचे काम पाहुण्याच्या पैशावर उभे केले, तर पाहुण्याच्या जाण्याच्या दिवशी ते कोसळते.

आणि मुदतीच्या पैशाची सवय सरकारलाही लागते. मध्य प्रदेशने १९९७ मध्ये शिक्षण हमी योजना आणली: एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि चाळीस मुले असतील, आदिवासी भागात पंचवीस, तर मागणी केल्यापासून नव्वद दिवसांत शाळा. हजारो वाड्यांवर शाळा पोहोचली हे मोठेच काम. पण तिथला ‘गुरुजी’ तुटपुंज्या मानधनावरचा. आपल्याकडच्या वस्तीशाळांमधले स्वयंसेवकही अल्प मानधनावर वर्षानुवर्षे राबले. पुढे आंदोलने झाली, तेव्हा कुठे त्यांच्या सेवेचा प्रश्न धसास लागला. सर्वांत गरीब मुलाला सर्वांत कमी पगाराचा शिक्षक, ही तडजोड सुरुवातीला तात्पुरती म्हणून झाली. तात्पुरते ते कायम होणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

आजही चित्र मूळात तेच आहे. २०२० मध्ये मंजूर झालेला ‘स्टार्स’ प्रकल्प घ्या. सहा राज्यांत महाराष्ट्र होता. एकूण खर्च सुमारे ५,७१८ कोटी, त्यात जागतिक बँकेचे कर्ज सुमारे ३,७०० कोटी, तेही काही वर्षांत पसरलेले. त्याच वर्षी समग्र शिक्षा अभियानाची केंद्राची एका वर्षाची अर्थसंकल्पी तरतूद ३८ हजार कोटींहून अधिक होती. म्हणजे पुन्हा थोडाच पैसा. पण तो ठरवलेली फळे दिसल्यावर मिळणारा पैसा होता, म्हणून कोणते फळ मोजायचे हे ठरवण्याला महत्त्व होते. जे मोजले जाते ते शिकवले जाते. मग चित्रकला, वादविवाद, शेजाऱ्याशी नीट वागणे, यांचे काय?

लाभार्थी की हक्कदार?

शेवटी पुन्हा शब्दाकडे येतो. सरकारी कागदांत मुलाला ‘लाभार्थी’ म्हणतात. हा दानाच्या व्याकरणातला शब्द आहे. लाभार्थ्याने आभार मानायचे, तक्रार करायची नाही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, तेव्हा हे व्याकरण बदलले. मूल आता हक्कदार आहे. हक्कदार विचारू शकतो. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम या समितीकडे दिले. म्हणजे सुरुवातीला आम्ही ज्या करारावर आईची सही नाही म्हणालो, तो करण्याची जागा कायद्याने तिला दिलेली आहे. ती जागा बहुतेक गावांत रिकामी आहे, किंवा तिथे मुख्याध्यापक सांगतील तिथे अंगठा उठतो, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा कुठल्याही भागीदारीला तीन प्रश्न विचारा. हा पैसा आपल्या खर्चात भर घालतो की त्याची जागा घेतो? हिशेब कुणापुढे वाचला जातो, फक्त देणाऱ्यापुढे की गावापुढेही? आणि देणारा गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात कोण उभे असेल? तिन्ही उत्तरे नीट मिळाली, तर पैसा कुठल्याही देशाचा असो, घ्यावा. एकाचे जरी उत्तर मिळाले नाही, तर ‘थांबा’ म्हणावे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याचे ‘हो’ फारसे मोलाचे नसते. भागीदारीचा अर्थ एवढाच आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, आता परदेशी देणगीदारांपेक्षा कंपन्यांचाच पैसा शाळांत जास्त दिसतो. आमच्या गावच्या शाळेला एका कंपनीने संगणक दिले. हे चांगलंच झालं ना?*

चांगलेच झाले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली, आणि त्यात शिक्षण आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना आणली, त्यात देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याचीही सोय ठेवली. आमचे म्हणणे एवढेच, की हेच तीन प्रश्न इथेही विचारा. संगणक एकदा येतो. त्याचे वीजबिल दर महिन्याला येते. ते कोण भरणार, हे संगणक घेण्याच्या दिवशीच समितीच्या बैठकीत लिहून ठेवा. आणि नावाबद्दल म्हणाल, तर जे मूल दत्तक जाते त्याला आईबाप नाहीत असा अर्थ होतो. गावच्या शाळेला आईबाप आहेत.

*प्रश्न: पण समितीत आमचं कुणी ऐकतच नाही. मग काय करायचं?*

पुढच्या बैठकीला एकटे जाऊ नका, चार पालक मिळून जा. त्यातल्या निदान दोन आया असू द्या. फक्त एकच गोष्ट मागा: यंदा शाळेला कुठून किती पैसे आले आणि कशावर गेले, हे फळ्यावर लिहा. भाषण करू नका, भांडू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा जा आणि पुन्हा तेच मागा. लोकजुंबिशमध्ये गावाने नकाशा काढला तेव्हा सुरुवात अशीच लहान होती.

इथेच थांबू.